बटुळे सरांनी खोडलेलं शून्य

बटुळे सर कुठे आहेत, हा प्रश्न आमच्या कॉलेजात कधी कुणाला पडला नाही. ते स्वतःच आधी सांगून ठेवायचे. स्टाफरूममधून निघाले की दारातल्या शिपायाला, "मी लॅबकडे." लॅबमधून उठले की मला, "काष्टीकर, मी लायब्ररीत." लायब्ररीत पोचल्यावर तिथल्या बाईंना, "आलो बरं का." गेटबाहेर चहाला जायचं तरी वॉचमनला वर्दी. माझं आडनाव काष्टीकर नाही. मी काष्टीचा, एवढ्या भांडवलावर त्यांनी ते मला पहिल्याच आठवड्यात चिकटवलं आणि चौदा वर्षं तेच चाललं. नवे प्राचार्य आले तेव्हा त्यांना वाटलं, हा माणूस नक्की कामचुकार असणार, त्याशिवाय कोण एवढं सांगत सुटतो? आम्ही तर हसायचोच. सर म्हणायचे, "हसा. खिशातला मोबाईल दिवसभर हेच करतो, त्याला नाही कुणी हसत."

सरांना जाऊन आता वर्ष होईल. कॉलेजनं शोकसभा घेतली, तीत त्यांच्याविषयी बरंच गुळगुळीत बोललं गेलं आणि मला उगाच राग आला. मी लॅब असिस्टंट. सभेत बोलायला मला कोण उभं करणार? म्हणून हे लिहायला बसलो.

सर वायरलेस नेटवर्क शिकवायचे आणि त्याच विषयात त्यांची पीएचडी चालू होती. मी रुजू झालो तेव्हा चालू होती, माझी दोन्ही मुलं कॉलेजात जायला लागली तरी चालूच होती. विषय असा, की आपण कुठे आहोत ते फोन नेटवर्कला पावलागणिक सांगत नाही. काही टॉवरचा मिळून एक गट असतो. त्या गटाची हद्द ओलांडली की फोन एकदाच कळवतो, मी आता इकडे आलो. मग आपल्याला कुणी फोन लावला की नेटवर्क त्या गटातल्या टॉवरवरून हाका मारतं आणि आपण ज्या टॉवरखाली असू तिथून आपला फोन ओ देतो. फोननं जास्त वेळा कळवलं तर शोधायचं काम कमी, कमी वेळा कळवलं तर शोधणं जास्त. या दोन्हींच्या मध्ये नेमकं कुठे थांबायचं, हे बघण्यासाठी सर कॉम्प्युटरमध्ये खोटे टॉवर उभारायचे, त्यांच्याखाली खोटी माणसं फिरवायचे आणि त्यांना शोधत बसायचे. याला सिम्युलेशन म्हणतात. माझ्या बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे लपंडावच की."

ती फार चुकली नव्हती. "आधी पायानं, मग मशीननं," हा सरांचा नियम होता. दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ते मैदानावर न्यायचे. खेळाच्या तासाला आखणी करतात ती फक्की माझ्याकडून मागवायची आणि मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी खोल्या आखून घ्यायच्या. एकेका खोलीत एकेक पोरगं उभं. हातात फासा. फाशाला सहा बाजू, खोलीलाही सहा, जो आकडा पडेल त्या बाजूच्या खोलीत जायचं. सात-आठ खोल्यांच्या गटाभोवतीची जाड रेघ ओलांडली तर मोठ्यांदा आपला नंबर ओरडायचा. लिंबाखाली एक मुलगी रजिस्टर घेऊन बसलेली, ती म्हणजे एक्स्चेंज. सगळे पाठमोरे झाले की सर मध्येच विचारायचे, "एकवीस नंबर कुठाय?" मग तिची धांदल. शेजारच्या सिव्हिल इंजिनीअरिंगच्या खिडक्यांत पोरांची गर्दी व्हायची. एकदा एका मुलाचा फासा त्याला दोनच खोल्यांत पुढेमागे खेळवत राहिला. तो कंटाळून म्हणाला, "सर, असं कुणी फिरतं का?" सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याला तिथल्या तिथे चहा पाजला. म्हणाले, "हेच. माणूस फाशावर चालत नाही. माणसाला जागा ठरलेल्या असतात."

त्या ठरलेल्या जागा गोळा करायचा त्यांना नाद होता. एसटी स्टँडवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, भेटेल त्याला ते विचारायचे, काल सकाळपासून कुठे कुठे गेला होता, ओळीनं सांगा. माझ्या घरी जेवायला आले तेव्हा बायकोला विचारलं, "वहिनी, संध्याकाळी हे घरी आले नाहीत, तर आधी कुठे बघाल?"

"भिंगारला यांच्या मित्राचं स्टेशनरीचं दुकान आहे, तिथं."

"तिथे नसले तर?"

"मग मारुतीचा कट्टा."

"तिथेही नसले तर?"

"मग घरी येऊन भाजी टाकते. येतात आपोआप."

सरांनी खिशातली वही काढून तिन्ही उत्तरं लिहून घेतली. तिसरीही एक पद्धतच आहे म्हणाले. स्टेशनरीच्या दुकानाबद्दल मी घरी कधी बोललो नव्हतो, तिला ते ठाऊक आहे हे मला तेव्हाच कळलं, आणि जेवण झाल्यावर माझी वेगळी चौकशी झाली.

या सगळ्यातून त्यांचं मुख्य प्रकरण उभं राहिलं. माणूस हरवला, म्हणजे फोनला ओ आली नाही, तर सगळीकडे एकदम हाका मारायच्या नाहीत. प्रत्येक खोलीला एक आकडा द्यायचा, तो तिथे असण्याची शक्यता किती त्याचा. जिथे जास्त तिथे आधी जायचं, मग त्याखालची. आणि जिथे तो कधीच जाणार नाही त्या खोलीला शून्य. शून्याच्या खोलीकडे शोध वळतच नाही, त्यामुळे केवढं तरी काम वाचतं. त्यांच्या गाईडना हे शून्य फार आवडलं होतं. रात्रंदिवस चालणाऱ्या त्या प्रोग्रामचे आकडे मीच छापून द्यायचो. मलाही ते पटलं होतं.

सरांचं गाव शेवगावच्या पुढे, डोंगराच्या कडेला. पाणी नाही. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव ऊसतोडीला जातं, कारखान्यांवर, ते उन्हाळ्यातच परततं. सरांचे आईवडीलही जायचे. सर पाचवीत गेले तेव्हा दर वर्षी शाळा मोडते म्हणून त्यांची आई, गयाबाई, पोरासाठी मागे राहिली. ती कायमची मागे राहिली. वडील गेले, सर नगरला नोकरीला लागले, लग्न त्यांनी केलं नाही, तरी गयाबाई काही नगरला येईना. "समदी गेल्यावं गाव कुनी राखायचं?" म्हणायची. आणि ती खरंच राखायची. जाणारे लोक घराला कुलूप लावून किल्ली तिच्याकडे देऊन जात. तिच्याकडे नऊ घरांच्या किल्ल्या असत. रोज एकेका घराचं दार उघडून झाडलोट करायची, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं, उंदीर-घुशी बघायच्या. सर कौतुकानं सांगायचे, "आमच्या आईचा रोजचा रस्ता मला डोळे मिटून काढता येतो."

एकच घर तिच्या रस्त्यात नव्हतं. गल्लीच्या टोकाचं, हिरव्या दाराचं, त्यांच्या भाऊबंदाचं, आसारामबापूचं. बांधावरून भांडण. ते वडिलांच्या वेळचं होतं, पण पेटवलं सरांनी. शिकलेला मुलगा म्हणून सरकारी मोजणी आणली, तहसिलात अर्ज केले, बापूच्या तोंडावर नको ते बोलले. आणि आईला बजावलं, "त्या दारात पाय ठेवलास तर मी या गावात यायचा नाही." हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, थोड्या अभिमानानंच.

डिसेंबरात तोंडी परीक्षा चालू होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला सरांना गावातल्या दूधगाडीवाल्याचा फोन आला. समोरची कौसाबाई म्हणतेय, गयाबाई कालपासून दिसली नाही. दाराला बाहेरून कडी आहे आणि फोन आत वाजतोय.

माझ्या गाडीतून आम्ही निघालो. सर शेजारी बसून परीक्षेच्या गुणपत्रिकेच्या पाठीवर यादी करत होते. नऊ घरं, विहीर, भैरोबा, शेतातलं खोपट, मावशीची वस्ती. पुढे आकडे. मला संताप आला. आई सापडत नाही आणि हा माणूस टक्के मांडतोय. पण त्यांची पेन्सिल कागदावर नीट टेकत नव्हती, हेही मला दिसत होतं. मी गाडीचा वेग वाढवला.

साडेबाराला पोचलो. गाव नुसतं कुलपांचं. चार म्हातारी माणसं आणि कुत्री. कौसाबाईला ऐकू कमी येतं, तिनं एवढंच सांगितलं, "मला वाटलं आसंल कुनाच्या घरात झाडीत. तिला काय, नऊ घरं हायती." सरांनी नऊही कुलपं हलवून पाहिली. सगळी बंद. मग विहीर. मग भैरोबाची टेकडी, शेत, खोपट, मावशीची वस्ती. यादीवर एकेक रेघ मारत आम्ही फिरलो. जाता-येता त्या गल्लीतून तीनदा गेलो. हिरव्या दाराच्या मागच्या बाजूला एक शेळी ओरडत होती. मी तिन्ही वेळा ऐकली. खेड्यात शेळी ओरडते, यात काय विशेष?

साडेतीनला कौसाबाईच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ती शेळी कुणाची? मघापासून ओरडतेय." ते मला दोनदा मोठ्यांदा सांगावं लागलं.

"कुटली शेळी?" कौसाबाई म्हणाली. "शेरडं समदी गेली कारखान्यावं."

"त्या हिरव्या दाराच्या मागं."

सरांच्या हातातला तांब्या तसाच खाली गेला. "आसारामच्या?" म्हणाले आणि पळत सुटले.

पुढच्या दाराला कुलूप होतं. मागे परसात काट्याचं कवाड होतं, ते उघडं होतं. कुणाला दिसू नये म्हणून गयाबाई रोज मागच्या बाजूनं जात होती. गोठ्याच्या तोंडाशी ती पडलेली होती, बादली पालथी, एक पाय भलत्याच दिशेला. काल सकाळपासून. डिसेंबरची अख्खी रात्र. जिवंत होती.

मुलाला बघून तिचं पहिलं वाक्य काय असावं? "रामा, तू हितं कशाला आलास?"

सर तिच्या उशाशी बसले.

"रागवू नगं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की आम्ही दोघं वाकून ऐकत होतो. "गाभन हाय. टेम्पोत न्येता येईना म्हनून ठिवली त्यांनी. मुकं जनावर हाय, त्याचं काय भांडान?" मी हौदातलं भांडंभर पाणी तिच्या ओठाला लावलं तर तिनं तोंड मिटून घेतलं. "आदी तिला पाज."

सरांनी हौदातून बादली भरून शेळीपुढे ठेवली. शेळी पिऊ लागल्याचा आवाज आला तेव्हा गयाबाईनं तोंड उघडलं. दोन घोट प्याली. तिला नगरच्या दवाखान्यात नेलं, तिथे तिसऱ्या दिवशी ती वारली.

ते तीन तास वाचले असते तर काही फरक पडला असता का, हे डॉक्टरांना सरांनी विचारलं नाही. मीही नाही. रात्रभर थंडीत पडलेली म्हातारी, तिथे तीन तासांचं काय, असं मी स्वतःला सांगत आलो. सरांना ते सांगायचं धाडस मला झालं नाही, कारण शेळी मी ऐकली होती.

दहाव्याला आसारामबापू कारखान्यावरून आले. लांब उभे राहिले. डोक्याचा रुमाल काढून हातात धरला होता. सरांनी त्यांना पाहिलं, मी सरांना पाहिलं. मला वाटलं आता सर त्यांच्याकडे जातील. सर जागचे हलले नाहीत आणि बापू पिंडाला कावळा शिवल्यावर आल्या वाटेनं गेले. भांडण तिथेच संपलं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. राहिली होती ती शरम, आणि ती भांडणाहून जड होती.

कॉलेजात सर परत आले ते सरळ लॅबमध्ये. शिपायाला काही न सांगता. प्रबंध छापायला द्यायचा बाकी होता. त्यांनी प्रोग्राम उघडला आणि ओळीओळीनं शून्यं खोडायला लागले. प्रत्येक ठिकाणी काहीतरी बारीकसा आकडा. मी शेजारी उभा होतो. सिम्युलेशन पुन्हा चालवलं, शोध लांबला, निकाल आधीपेक्षा वाईट आले. गाईडचा फोन आला, ते समजावत होते, एवढ्या क्षुल्लक शक्यता कशाला धरता, चांगलं प्रकरण बिघडतंय. सर म्हणाले, "कितीही लहान आकडा टाकू, सर. पण शून्य टाकलं की तिकडे कुणी जातच नाही." फोन ठेवल्यावर पडद्याकडे बघत मला म्हणाले, "काष्टीकर, आईच्या रस्त्यात ते घर होतं. शून्य माझं होतं."

प्रबंध त्यांनी कधीच दिला नाही. जुने आकडे ठेवून दिला असता तर पीएचडी मिळाली असती, हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्यांचा राग यायचा, कीव यायची, आणि कधी कधी वाटायचं, या माणसाला बरोबर तेच कळलंय जे आपल्याला कळत नाही. पुढच्या दिवाळीला त्यांनी पाच महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि गावी गेले. त्याच्या पुढच्या दिवाळीला नोकरीच सोडली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जानेवारीत, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हा. सकाळी आठ वाजले असतील. सर बरेच वाळले होते, दाढी वाढलेली. पत्रिका देवापुढे ठेवली, चहा केला आणि म्हणाले, "थांबा, फेरी राहिलीय. नाहीतर चला बरोबर."

फेरी म्हणजे काय ते गल्लीत कळलं. मागे राहिलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या दारापुढे सर उभे राहायचे, नावानं हाक मारायचे आणि आतून आवाज येईपर्यंत हलायचे नाहीत. "कौसाबाई!" दोन-तीन हाकांनंतर आतून आवाज, "हाय रं बाबा, हाय जिती. रोज काय इचारतू?" मग पुढचं दार. कुणी कुरकुरायचं, कुणी आत बोलवायचं. सर बसायचे नाहीत.

गल्लीच्या टोकाला हिरवं दार होतं. कुलूप नव्हतं. आसारामबापूचे गुडघे गेल्यामुळे पोरांनी त्यांना या सीझनला मागे ठेवलं होतं, ते सरांनी मला हळू आवाजात सांगितलं. या दारापुढे सर हाक मारत नसत. नुसते समोर उभे राहायचे आणि चपला दोनदा जमिनीवर घासायचे. मग आतून खोकला यायचा. तेवढं झालं की झालं. दिवाळीपासून असंच चाललं होतं, बोलणं एकदाही नाही.

त्या दिवशी सरांनी चपला घासल्या. आतून काही आलं नाही. पुन्हा घासल्या. आत सामसूम. मी सरांकडे पाहिलं. ते एक पाऊल पुढे गेले, थांबले, मग पायरी चढले. दारावर हात टेकला आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाला तो ओळखू येणार नाही इतका फाटलेला होता.

"बापू."

काही नाही.

"बापू, ओ द्या की."

आत बाजेची करकर झाली. मग झोपेतला, चिडका, जिवंत आवाज. "कोन हाय?"

आवाज ओळखला असणारच. एकाच गल्लीतली माणसं. सर पायरीवर खालीच बसले आणि दाराकडे पाठ करून म्हणाले, "मी हाय. गयाबाईचा."

आत बाज पुन्हा करकरली. मग काठीचा आवाज आला, सावकाश, एकेक पाऊल, दारापर्यंत. कडी काही निघाली नाही. बापू आतल्या बाजूनं दाराला टेकून खाली बसले, ते त्यांच्या श्वासावरून कळलं. सरांनी डोळ्यांवर उपरण्याचं टोक धरलं होतं. मला तिथे काही काम नव्हतं. मी गाडीकडे निघालो. वळून पाहिलं तेव्हाही सर तसेच बसले होते, आणि दार बंद होतं.